इंगवलीचा सोंगाड्या

दादा कोंडके यांचे घराणे भोर तालुक्यातील इंगवलीचे. त्यांचे पाळण्यातले नाव कृष्णा, वडिलांचे खंडेराव. जन्म मात्र गावाकडचा नव्हे. 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत ते जन्मले आणि 14 मार्च 1998 रोजी मुंबईतच वारले. मधल्या काळात त्यांनी वगनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग केले आणि लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव पाहिले. ज्यांच्या गाण्यांवर खेड्यापाड्यांतल्या वराती आजही नाचतात असे हे नाव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मुलखात त्यांच्याइतका लोकप्रिय दुसरा कलावंत दाखवणे कठीण. त्यांच्यामागे त्यांची आठवण कशी राहिली, कोणी राखली आणि कोणी राखायचे टाळले, हे समजून घेण्यासाठी आधी भोर-वेल्ह्याच्या मुलखाकडे आणि तिथून मुंबईला गेलेल्या माणसांकडे पाहावे लागते.

भोर आणि वेल्हे हा बारा मावळांचा गाभा. हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजण मावळ, कानदखोरे ही जुनी नावे आजही बोलण्यात आहेत. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यात येतात. तालुक्याचे नावच आता राजगड करण्यात आले आहे, तरी एसटीच्या रांगेत ‘वेल्हे’ हेच चालते. मेलेल्या माणसांची आठवण ठेवणे हे या मुलखाचे फार जुने काम आहे. शिंदच्या बाजीप्रभूंची, कारीच्या कान्होजी जेध्यांची, मोसेच्या बाजी पासलकरांची नावे शाळेत जाण्याआधीच मुलांच्या कानावर पडतात. कारीच्या जेधे घराण्याने तर लेखी स्मृतीही जपली. लोकमान्य टिळकांना 1907 मध्ये या घराण्याकडून जी शकावली मिळाली, ती 1916 मध्ये छापली गेली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा सगळा वाद तिच्याभोवती फिरला. आज 19 फेब्रुवारीला जी शिवजयंती साजरी होते, तिचे मूळ भोर तालुक्यातल्या एका घरातल्या कागदांत आहे.

कागद थोड्यांच्या घरी असतात. बाकीच्यांची आठवण शाहिरांनी वाहिली. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने आणि सिंहगडावर तुळशीदासाने रचलेले पोवाडे हे याच डोंगररांगांतले सर्वांत जुने ज्ञात पोवाडे. डफ, तुणतुणे आणि झीलकरी घेऊन शाहीर गावोगाव जाई आणि वीराचे नाव टिकवी. त्याचे स्वतःचे नाव मात्र गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एका ओळीपुरते येई. पुढच्या पिढीतला गाणारा ती ओळ म्हणायचा विसरला, की शाहीर गेलाच. तमाशातल्या सोंगाड्याला तर तेवढाही आधार नव्हता. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमातली सगळ्यांत मोठा हशा घेणारी जागा त्याची, पण त्याचे बोलणे दर रात्री नवे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेले. कोणी ते उतरवून घेतले नाही.

भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे गाव. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायणांच्या घराण्याकडे हा मुलूख होता आणि 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन होईपर्यंत राहिला. राजवाड्यातला रामनवमीचा उत्सव कीर्तनकारांसाठी आणि गवयांसाठी मानाचा. कोणाला बोलावले, काय बिदागी दिली, याचा हिशेब दरबारात राही. जत्रेतल्या तमाशाचा हिशेब असा कुठल्या दफ्तरात गेला नाही. तो ज्याच्या त्याच्या डोक्यात राहिला. एकाच गावात, एकाच रात्री ऐकलेल्या दोन गाण्यांपैकी एकाची नोंद राहते आणि दुसऱ्याची फक्त चव राहते. दादा कोंडक्यांच्या बाबतीत हा भेद पुढे पुन्हा आडवा येतो.

या मुलखात पाऊस उदंड, पण शेती एका पिकाची. भाताची खाचरे, वरकस जमिनीत नाचणी-वरी, बाकी डोंगर. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण 1928 मध्ये पुरे झाले. खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-इंदापूरच्या उसाला गेले. वेल्ह्यात पुढे पानशेत आणि वरसगाव झाले, त्यांचे पाणी पुण्याला. वरच्या गावांनी जमीन द्यायची आणि तरुणांना मुंबईला धाडायचे, असा हा व्यवहार. भोर-वेल्ह्याची माणसे गिरणीत, गोदीत, माथाडीत, बाजारपेठेत शिरली. गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत, जेवण खानावळीत, आणि पगारातला काही भाग मनीऑर्डरने घरी. शिमग्याला, जत्रेला आणि भातलावणीला जमेल तशी रजा काढून ही मंडळी गावी येत. येताना साबण, कापड आणि मुंबईतली नवी गाणी घेऊन येत.

खंडेराव कोंडके बॉम्बे डाईंगमध्ये नोकरीला होते. गिरणगावात नोकरीइतकाच पसारा करमणुकीचा होता. गणेशोत्सवातले मेळे, भजनी मंडळे, कोकणातली नमन-दशावतारी नाटके, घाटावरचे तमाशे आणि त्यांच्या जोडीला कामगार चळवळीची कलापथके. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा दादा बारा वर्षांचे होते. वस्तीतला हा दांडगा पोरगा मोठा होऊन ‘अपना बाजार’मध्ये कामाला लागला आणि बँडमध्ये वाजवू लागला. लग्नाच्या वरातीपुढे वाजवणाऱ्या माणसाला लोक कधी नाचतात आणि कधी कंटाळतात हे पावलागणिक समजते. पुढच्या सगळ्या कारकिर्दीत दादांना याचा उपयोग झाला. जवळची बरीच माणसे थोड्या काळात गेल्याने ते काही महिने पार खचले होते आणि त्यातून उठल्यावर लोकांना हसवायचे ठरवले, असे त्यांनी सांगितले आहे.

राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कामातून ते रंगमंचावर आले. निळू फुले आणि राम नगरकर यांची ओळख त्याच काळातली. पुढे त्यांनी स्वतःची नाट्यमंडळी काढली. ‘खणखणपूरचा राजा’मधले त्यांचे काम वसंत सबनीसांनी पाहिले होते. दादांच्या मागणीवरून सबनीसांनी जो वग दिला, तो 1965 मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने रंगमंचावर आला. मूर्ख राजा, लाचखाऊ कोतवाल, हजरजबाबी हवालदार आणि मैनावती अशी पात्रे, आणि संवादांत दर प्रयोगाला ताजे राजकारण. सोंगाड्याचे ‘दर रात्री नवे बोलणे’ इथे नाट्यगृहात तिकीट लावून आले. लिहिलेली संहिता हा दादांसाठी सांगाडा. त्यावर ते गावोगावचे संदर्भ चढवीत. प्रयोगांची संख्या दीड हजारांवर गेली. आशा भोसले या प्रयोगाच्या चाहत्या होत्या आणि त्यांनीच भालजी पेंढारकरांना दादांचे नाव सुचवले. भालजींच्या ‘तांबडी माती’तून 1969 मध्ये दादा पडद्यावर आले.

1971 चा ‘सोंगाड्या’ हा त्यांची स्वतःची निर्मिती असलेला पहिला चित्रपट. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे, नायिका उषा चव्हाण. तमाशा बघून वेडा झालेला खेड्यातला भाबडा नाम्या, आणि त्याची ‘आये’, म्हणजे रत्नमाला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी हा चित्रपट बाजूला सारला जात होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक चित्रपटगृहावर जाऊन धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पाच वर्षांच्या त्या पक्षालाही हे प्रकरण सोयीचे होते. मराठी माणसाच्या न्यायाचा मुद्दा पडद्यावरच्या नाम्याच्या तोंडाने सहज कळणारा होता. दोघांचे हे नाते टिकले आणि पुढे दादा शिवसेनेच्या प्रचारसभा गाजवू लागले.

नाम्याचा वेष पुढच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात थोड्याफार फरकाने येत राहिला. ढगळ, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी विजार, ती गुडघ्याच्या वर कुठेतरी थांबलेली, आणि पुढे लोंबणारा नाडा. हा नाडा म्हणजे निव्वळ विनोदाचा खिळा नव्हता. भातलावणीत चिखलात उतरणारा मावळातला गडी अशीच विजार घाली, आणि मुंबईला जाताना पहिल्यांदा पायजमा शिवून घेई. गिरणीतल्या माणसाने पडद्यावर पाहिले ते गावी ठेवून आलेले स्वतःचेच रूप. ‘आये’ ही हाकही तशीच. शहरात ‘आई’ म्हणायला शिकलेल्या माणसाला ती ऐकून हसू येई, आणि हसताना जरा लाजही वाटे.

‘एकटा जीव सदाशिव’ 1972 चा, ‘आंधळा मारतो डोळा’ 1973 चा, ‘पांडू हवालदार’ 1975 चा. ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’ अशी रांग 1980 पर्यंत लागली. लागोपाठ नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाल्याचे सांगितले जाते. ‘पांडू हवालदार’ने अशोक सराफांना लोकांपुढे आणले. संगीतकारांची राम-लक्ष्मण ही जोडीही दादांनीच पुढे आणली आणि तिला नाव दिले. त्यातले राम लवकरच वारले, पण लक्ष्मण म्हणजे विजय पाटील यांनी जोडीचे नाव शेवटपर्यंत सोडले नाही. मेलेल्या भागीदाराचे नाव हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वर्षानुवर्षे झळकत ठेवणे, हाही आठवण ठेवण्याचा एक प्रकारच.

दादांची बरीच गाणी त्यांनी स्वतः लिहिली, पण पडद्यावर त्यांच्या ओठांवर जो आवाज आहे तो त्यांचा नव्हे. सुरुवातीला जयवंत कुलकर्णी, पुढे मुख्यतः महेंद्र कपूर, आणि जोडीला उषा मंगेशकर. अमृतसरमध्ये जन्मलेल्या पंजाबी गायकाच्या गळ्यातून मावळी बोली आली आणि ती कोणाला परकी वाटली नाही. त्यामुळे दादांची गाणी म्हणजे एका माणसाचा आवाज नव्हे, एक ठेका आहे. ढोलकी, हलगी आणि क्लॅरिनेट असले की ते गाणे कोणीही वाजवू शकतो. त्यांच्या मागे ही गोष्ट फार उपयोगाची ठरली. आवाजावर उभे असलेले गाणे गायक गेल्यावर ध्वनिफितीत राहते. ठेक्यावर उभे असलेले गाणे बँडमध्ये राहते.

भोर-वेल्ह्यात हे चित्रपट चित्रपटगृहांतून कमी आणि जत्रांतून जास्त पोचले. पश्चिम महाराष्ट्रात जत्रेबरोबर तंबूतला सिनेमा येई. रिळांचे डबे एसटीच्या टपावरून, प्रक्षेपक ट्रकमधून, बसायला जमीन, बाया एका बाजूला आणि बाप्ये दुसऱ्या बाजूला. रीळ तुटले की शिट्ट्या. वेल्ह्याला मेंगाईची जत्रा, भोरच्या डोंगरापलीकडे मांढरदेवीच्या काळूबाईची, आणि गावोगावच्या भैरोबा-म्हसोबाच्या. चैत्र-वैशाखात तमाशाचे फड आणि तंबू एकाच माळावर समोरासमोर उभे राहत. एकीकडे जिवंत सोंगाड्या आणि पलीकडे पडद्यावरचा. तमाशाच्या फडांना पडद्यावरच्या सोंगाड्यापायी गिऱ्हाईक गमवावे लागले, आणि त्याच पायी लोकांच्या डोक्यात बतावणीची चवही टिकली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढे ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. गणपतीत किंवा सत्यनारायणाला वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर लावायचे, त्यातला एक दादांचा. गाडीतळावरच्या रसवंतीत आणि वडापच्या जीपमध्ये कॅसेट वाजू लागल्या.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यांतल्या कित्येकांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. घाटावरची माणसे गावी परतली. दादांचा हक्काचा प्रेक्षक असा विखुरला. त्यांनी हिंदीत जाऊन ‘तेरे मेरे बीच में’ आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ केले, ते चाललेही. मराठीत मात्र आता ‘मुका घ्या मुका’, ‘पळवापळवी’, ‘येऊ का घरात’, ‘सासरचं धोतर’ ही नावेच जास्त बोलू लागली. दुहेरी अर्थाचा खेळ आधीपासून होता, पण आधी तो पात्राच्या भोळेपणातून येई. पात्राला एक अर्थ कळतो, प्रेक्षकाला दुसरा, आणि हसू त्या फटीतून फुटते. उत्तरकाळात पात्रालाही दुसरा अर्थ माहीत असतो, आणि फट बुजते. या काळातले चित्रपट पहिल्या नवांच्या तोडीचे नाहीत, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. सेन्सॉर मंडळाशी मात्र ते प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने भांडले.

1998 च्या मार्चमध्ये शिमग्याचे दिवस होते. फाल्गुनी पौर्णिमा नुकतीच सरली होती. एरवी तोंडावर न आणायचे शब्द होळीभोवती मोठ्याने म्हणायची मुभा असलेला वर्षातला हा एकच सण. त्याच दिवसांत 14 मार्चला दादा हृदयविकाराने गेले. वय 65. तेव्हा मराठी वृत्तवाहिन्या नव्हत्या. बातमी आकाशवाणीच्या बातमीपत्रातून, दूरदर्शनवरून आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून पसरली. शिमग्याला गावी आलेले चाकरमानी अजून परतायचे होते, म्हणून मावळातल्या कित्येक गावांत ती मुंबईकर आणि गावकरी यांनी एकत्रच ऐकली असणार.

लोकप्रिय गायक-नट गेल्यावर त्याला भेटायला जायची एक जागा लागते, असे पश्चिमेत दिसते. एल्विस प्रेस्ली 1977 मध्ये वारला आणि 1982 मध्ये मेम्फिसमधले त्याचे घर, ग्रेसलँड, लोकांसाठी उघडले; कबरही त्याच आवारात. जमैकाच्या बॉब मार्लेला 1981 मध्ये त्याच्या जन्मगावी, नाइन माइल या डोंगरातल्या खेड्यात पुरले आणि ते खेडे यात्रेचे ठिकाण झाले. दहनाची रीत असलेल्या समाजात अशी जागा आपोआप तयार होत नाही. समाधी बांधायची ती संतांची, राजांची आणि आता पुढाऱ्यांची. कलावंताच्या वाट्याला येते ती तारीख. जयंती आणि पुण्यतिथी, फोटो, हार, उदबत्ती, दोन भाषणे आणि चहा. त्यातही पुण्यतिथी म्हणायचे आणि पाळायची इंग्रजी तारीख, हे आता कोणाला खटकत नाही. दादांच्या बाबतीत 8 ऑगस्ट आणि 14 मार्च या दोन तारखांना वर्तमानपत्रांतून आठवणींचे लेख येतात. तालुक्याच्या माहितीत थोर व्यक्तींच्या यादीत, जेधे आणि बाजीप्रभूंच्या बऱ्याच खाली, त्यांचे नाव लिहिले जाते.

ते इतके खाली का, याचे उत्तर डोंगराच्या पलीकडे आहे. भोरच्या दक्षिणेला मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की वाई तालुका लागतो आणि वाईजवळ पसरणी. 3 सप्टेंबर 1923 रोजी तिथे जन्मलेले कृष्णराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे, हेही मुंबईच्या कामगार वस्त्यांतूनच वर आले. तेही वग, मुक्तनाट्य आणि लोकगीतांचेच गडी. 20 मार्च 2015 रोजी ते वारले. 2023 मध्ये त्यांच्यावर ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी 19 फेब्रुवारीपासून त्यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झाले. नारायणगावच्या तमाशासम्राज्ञी विठाबाई 2002 मध्ये गेल्या. राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. म्हणजे लोककलेची सरकारी आठवण ठेवायची रीत महाराष्ट्रात आहे. शाहिराला ती मिळते, कारण त्याच्या गाण्यात राज्य आहे. तमाशातल्या नर्तकीला ती मिळते, कारण तिने सोसलेल्या हालांना मान देता येतो. सोंगाड्याजवळ देण्यासारखे हसू तेवढे असते, आणि या सोंगाड्याचे हसू शाळेच्या संमेलनात लावता येत नाही. ज्या शिक्षकांनी तंबूत बसून ‘सोंगाड्या’ पाहिला, त्यांनाही पुण्यतिथीच्या भाषणात त्यातला एक संवाद धड म्हणता येत नाही. श्रद्धांजलीच्या लेखांतही त्यामुळे रौप्यमहोत्सवांचे आकडे आणि कोहिनूरचा किस्सा येतो, विनोद येत नाहीत.

जिथे भाषण करायचे नसते तिथे मात्र अडचण येत नाही. लग्नसराईत बँड आणि पुढे डीजे, गणपतीच्या मिरवणुका, जत्रेतल्या पालख्यांनंतरची रात्र, हळदीचा कार्यक्रम, इथे दादांची गाणी नाव न घेता वाजतात. नाचणाऱ्या पोरांपैकी कित्येकांचा जन्म 1998 नंतरचा. त्यांना चित्रपटाचे नाव सांगता येईलच असे नाही, ठेका ओळखता येतो. ऑर्केस्ट्रात आणि जत्रेतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत दादांची नक्कल करणारे कलाकार असतात. ढगळ विजार, नाडा, टोपी, आणि तोंडाचा तो अर्धवट उघडा, बावळट आ. नक्कल करणारा मंचावर आला की नाव सांगावे लागत नाही, आणि तो जे बोलतो ते दादांचे कधीच नसते. त्या गावच्या सरपंचावर, रस्त्यावर, पाण्याच्या टाकीवर असते. बतावणीची जुनी रीत ती हीच. दादांनी ती तमाशातून उचलली होती, त्यांच्या नकलाकारांनी ती परत जत्रेत आणून ठेवली.

‘विच्छा माझी पुरी करा’ही पुन्हा रंगमंचावर आले. विजय कदम यांनी ते शेकडो प्रयोगांपर्यंत नेले आणि दादांच्या बोलण्याची री न ओढता आपल्या काळाचे राजकारण त्यात भरले. दादांनी सांगितलेले आणि अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेले ‘एकटा जीव’ हे आत्मकथन हा त्यांच्याबद्दलचा मुख्य लेखी ऐवज. भाबड्या नाम्याच्या मागे उभा असलेला हिशेबी निर्माता, एकाकी आणि बऱ्याचदा चिडलेला माणूस त्यात दिसतो. सोंगाड्यांच्या इतिहासात स्वतःची बाजू छापून ठेवण्याची संधी मिळालेले असे थोडेच आहेत.

दादांनी मागे सोडलेली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे चित्रपट, आणि ते मालमत्ताही होते. त्यांच्या पश्चात मिळकतीवरून आणि चित्रपटांच्या हक्कांवरून दावे झाले आणि ते वर्षानुवर्षे न्यायालयांत रेंगाळले. आठवणीच्या दृष्टीने हा तपशील कोरडा वाटला तरी महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या शाहिराचे कवन कोणीही गाई, फार तर नाव बदलून. मालकीचा प्रश्नच नसे. चित्रपटात प्रत्येक रीळ, प्रत्येक चाल, प्रत्येक ओळ कोणाच्या तरी नावे असते. चित्रपट कुठल्या वाहिनीवर दिसेल, गाणे कुठे वाजेल, हे करारांवर ठरते. 2007 नंतर मराठी चित्रपटांना वाहिलेल्या दूरचित्रवाहिन्या आल्या आणि दादांचे चित्रपट दुपारच्या वेळी घरोघर दिसू लागले. तंबूत बाया-बाप्यांना वेगळे बसवून जे दाखवले जाई, ते आता सासू-सुना आणि नातवंडे एकाच खोलीत बसून पाहतात, मध्ये जाहिराती.

2019 मध्ये ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटात ‘ढगाला लागली कळ’ नव्या रूपात आले; पडद्यावर रितेश देशमुख. 1978 च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधले हे गाणे पाऊस आणि रान यांतून आलेले आहे. नव्या चित्रीकरणात त्यातले रान गेले आणि ठेका राहिला, आणि गाण्याच्या हक्कावरून पुन्हा न्यायालयात प्रकरण गेले. भोर-वेल्ह्यात हे नवे गाणे त्याच वर्षीच्या लग्नसराईत पोचले. बँडवाल्यांना मात्र ते नव्याने शिकावे लागले नाही.